घटस्फोट, चर्च आणि कोर्ट : नेहमी विचारले जाणारे प्रश्न



संसार मोडला की घरातली माणसे गप्प होतात आणि बाहेरची सल्ले देऊ लागतात. "चर्चचा कागद आला, आता तू मोकळा," असे एक सांगतो. "कोर्टाने सोडवले, आता चर्चला काय विचारायचे?" असे दुसरा म्हणतो. हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. त्यांवर विसंबून अनेक जण नव्या अडचणीत सापडतात. म्हणून काही नेहमीचे प्रश्न आम्ही येथे घेत आहोत.

प्रश्न : धर्मप्रांताच्या ट्रायब्युनलने आमचा विवाह मुळातच झाला नव्हता, असा निकाल दिला. आता दुसरे लग्न करता येईल का?

उत्तर : तेवढ्यावर नाही. ट्रायब्युनल लग्नाच्या दिवसाचा विचार करते. दोघांची संमती खरी होती का? कोणावर जबरदस्ती झाली का? एखादी मोठी गोष्ट लपवून फसवणूक झाली का? त्यावरून विवाहसंस्कार ग्राह्य होता की नाही, हे ठरते. देशाच्या कायद्यापुढे मात्र तुम्ही अजून पती-पत्नीच असता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली आणि पुन्हा २०१७ साली हे स्पष्ट केले आहे. कोर्टाच्या निकालावाचून केलेले दुसरे लग्न हा गुन्हा ठरू शकतो. शिवाय पुढे पेन्शन, घर आणि वारसा यांचे प्रश्न उभे राहतात ते वेगळेच.

प्रश्न : मग कोर्टाचा घटस्फोट मिळाला की चर्चमध्ये लग्न होईल ना?

उत्तर : नाही. कोर्ट कायद्याचे नाते सोडवते, संस्काराचे नाही. चर्चमध्ये पुन्हा विवाह करायचा तर ट्रायब्युनलचा निकालही हवा. पूर्वी हा निकाल दुसऱ्या ट्रायब्युनलने कायम करावा लागे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ही अट काढून टाकली आणि शक्य तेथे हे काम विनामूल्य व्हावे, असेही सांगितले. तेव्हा केवळ खर्चाच्या भीतीने मागे राहू नका.

प्रश्न : घटस्फोट झालेल्या व्यक्तीने ख्रिस्तशरीर स्वीकारावे का?

उत्तर : घटस्फोट झाला, पण दुसरे लग्न केलेले नाही, अशा व्यक्तीला केवळ घटस्फोटामुळे ख्रिस्तशरीर नाकारले जात नाही. ज्याने संसार वाचवण्याचा मनापासून प्रयत्न केला आणि ज्याच्यावर घटस्फोट लादला गेला, तो दोषी नाही, असे ख्रिस्तसभेची शिकवण सांगते. मुलांच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणासाठी दुसरा मार्ग नसेल तर कोर्टाचा घटस्फोट घेणे पाप ठरत नाही, असेही ती सांगते. कित्येक जण लाजेने मिस्साच सोडतात. त्यांना ही गोष्ट कोणीतरी सांगायला हवी.

प्रश्न : कोर्टात कोणती कारणे चालतात?

उत्तर : आपल्याला १८६९ चा घटस्फोट कायदा लागू आहे. मूळ कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होई. पत्नीला मात्र बहुधा व्यभिचाराबरोबर छळ किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली हा भेदभाव रद्द ठरवला. २००१ साली संसदेने कायदा बदलून दोघांना समान कारणे दिली. व्यभिचार, छळ आणि दोन वर्षांचा परित्याग ही त्यांतली प्रमुख. त्याच वेळी परस्पर संमतीची तरतूदही आली. त्यासाठी कायद्यात दोन वर्षे वेगळे राहण्याची अट लिहिलेली आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१० साली ही मुदत एक वर्ष धरावी असे म्हटले. आपल्या कोर्टात काय चालते, हे वकिलांकडून समजून घ्यावे. अर्ज केल्यावरही किमान सहा महिने थांबावे लागते. स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर लिहिलेली सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे. तिच्यावर सही करू नका.

प्रश्न : घरात मारहाण होते. निकाल लागेपर्यंत सोसायचे का?

उत्तर : मुळीच नाही. जिवाला किंवा मुलांना धोका असेल तर वेगळे राहण्याची मुभा ख्रिस्तसभेचा कायदाही देतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली घटस्फोट न मागताही पत्नीला संरक्षण, राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि खर्चाची रक्कम मागता येते. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी कोर्टातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

प्रश्न : मुलांचे काय?

उत्तर : ट्रायब्युनलने विवाह ग्राह्य नाही असे ठरवले म्हणून मुले अनौरस होत नाहीत. ख्रिस्तसभेचा कायदा त्यांना औरसच मानतो. घटस्फोटानेही त्यांचा वारसाहक्क जात नाही. ताबा कोणाकडे द्यायचा, हे ठरवताना कोर्ट आईबापांच्या भांडणापेक्षा मुलांचे हित पाहते.

तेव्हा दोन निकाल लक्षात ठेवा : एक कोर्टाचा, एक ट्रायब्युनलचा. एकाचे काम दुसरा करत नाही. पुन्हा लग्न ठरवण्याआधी, अगदी हॉल बुक करण्याआधी, दोन्ही हातात असू द्या. लग्नाचा दाखला, बाप्तिस्म्याचे दाखले आणि मुलांचे जन्मदाखले जपून ठेवा. प्रथम आपल्या धर्मगुरूंना भेटा, मग वकिलांना. आणि ज्यांच्या शेजारी असे घर आहे, त्यांनी सल्ला देण्याची घाई करू नये. कोर्टाच्या तारखेला सोबत जावे. त्या दिवशी मुलांना आपल्या घरी जेवायला बोलवावे. त्या घराला खरा आधार त्यानेच मिळेल.