ड्रोनचा तोल सांभाळ गं, पोरी

पोरी, ड्रोन मंद्रूपला पोहोचला, बचत गटातल्या बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं, फोटो पाहिला. फार बरं वाटलं. नमो ड्रोन दीदी योजनेत सरकार किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये देतं. उरलेला बोजा गटाचा. मशीन आपटलं तर त्या हळदकुंकू लावणाऱ्या बायकांच्याच हप्त्यावर येईल. नोझल, औषधाचं प्रमाण हे तू १५ दिवसांच्या प्रशिक्षणात शिकलीसच. मला बोलायचंय ते आयएमयूबद्दल, कारण तिथे शिकताना सगळ्यांचीच घाई होते.

आयएमयू म्हणजे फ्लाइट कंट्रोलरवरची नखाएवढीही नसलेली चिप. तिच्यातला जायरो सांगतो, ड्रोन कुठल्या अंगाला किती वेगाने वळतोय. ॲक्सेलरोमीटर सांगतो, त्याला कुठून किती जोर लागतोय. ड्रोन सपाट जागी गप्प बसलेला असताना ॲक्सेलरोमीटरचा उभ्या दिशेचा आकडा ९.८ च्या आसपास हवा, आडवे दोन्ही शून्याजवळ. जायरोचे तिन्ही शून्याजवळ. एवढं पाठच कर.

फुगडी थांबली तरी डोकं गरगरत राहतं ना, जायरोचं तसंच असतं. जागेवर असूनही आपण थोडे वळतोय असं त्याला वाटत राहतं. म्हणून बॅटरी जोडल्यावर पहिल्या काही सेकंदांत तो आपलं शून्य ठरवून घेतो. त्या वेळी ड्रोनला हात लावू नको, टाकीत औषध ओतू नको, टेम्पोच्या हौद्यात तर सुरूच करू नको. आपल्याकडचं ऊन तुला सांगायला नको. उन्हात तापलेल्या चिपचं शून्य सरकतं. काही कंट्रोलरांत चिप ठरावीक तापमानावर ठेवायला छोटा हीटर असतो, पण सगळ्यांत नसतो. ड्रोन सावलीत ठेव, सुरू करून दोन मिनिटं थांब, मग उडव.

आता कॅलिब्रेशन. आधी प्रोपेलर उतरव, टाकी रिकामी कर. बहुतेक ड्रोनना सहा बाजूंनी धरावं लागतं: सपाट, डावी कूस, उजवी कूस, नाक खाली, नाक वर, उलटा. एकटीने उचलायचं वजन नाही हे, दुसरी बाई सोबत घे. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळी रीत दिली असेल तर तीच पाळ. सपाट म्हणजे खरोखर सपाट हं. काळ्या रानात ते होणार नाही. घरातल्या शहाबादी फरशीवर गवंड्याची लेव्हल ठेवून बुडबुडा मधोमध आला की मग. एका अंशाचा फरक राहिला आणि जीपीएसने साथ सोडली, तर हवेचा अडथळा न धरता ड्रोन दहा सेकंदांत आठेक मीटर सरकतो. आठ मीटरवर शेजाऱ्याची द्राक्षबाग असते, नाहीतर विजेची तार.

दुसऱ्या गटाच्या ड्रोनमधल्या सेटिंग्जची फाइल आपल्यात चढवू नको, कोणी कितीही आग्रह केला तरी. प्रत्येक चिपची चूक वेगळी असते. उसनं घेतल्याने काय होतं बघ. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आतच भरकटून फुटलं. जुन्या एरियान ४ साठी लिहिलेलं सॉफ्टवेअर त्याच्या दिशादर्शक यंत्रात जसंच्या तसं ठेवलं होतं. नव्या रॉकेटचा वेग त्याला पेलला नाही. जोडीला राखीव यंत्र होतं, पण त्यातही तेच सॉफ्टवेअर, म्हणून तेही बंद पडलं. तुझ्या कंट्रोलरवर दोन-तीन आयएमयू असतील. असू देत. त्यांचे आकडे जुळत नाहीत असा इशारा आला, तर तो जाईपर्यंत बंद-चालू करत बसू नको. कॅलिब्रेशन पुन्हा कर, तरी राहिला तर सर्व्हिसवाल्याला बोलाव.

सगळ्यात जास्त लक्ष कंपनाकडे दे. ते एका दिवसात वाढत नाही, म्हणून कोणाच्या नजरेत येत नाही. तुझा कंट्रोलर आर्डुपायलटवर चालत असेल तर लॉगमध्ये कंपनाचे तीन आकडे असतात. ३० च्या खाली ठीक, ६० च्या वर गेलं की बहुधा दुखणं आहेच. जोडीला क्लिपिंगची मोजणी असते. धक्का सेन्सरच्या मापाबाहेर गेला की ती एकेक वाढते, ती शून्यच हवी. उभ्या दिशेचं कंपन फार झालं तर कंट्रोलरचा उंचीचा अंदाज चुकतो आणि ड्रोन आपोआप वर चढू लागतो.

कारणं बहुतेक वेळा हाताशीच सापडतात. प्रोपेलरच्या कडेवरून नख फिरव, बारीक टवका नखाला आधी कळतो. पात्याखाली वाळलेल्या औषधाचा पांढरा थर एका बाजूला जास्त बसला की पातं डगमगतं. रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून काढ. ड्रोनच्या हातांचे लॉक घट्ट आहेत का बघ. मोटर हाताने फिरवून खरखर ऐक. कंट्रोलरखालची रबरं कडक झाली असतील तर बदल.

आणि एक वही कर. तारीख, तापमान, तीन आकडे, क्लिपिंग, बस्स. पहिल्या आठवड्याचे आकडे तुझ्या ड्रोनचे निरोगी आकडे. पुढे सगळं त्यांच्याशी ताडून बघायचं. स्क्रीनवरचा हिरवा दिवा फक्त आजचं सांगतो.

आकडा खटकला त्या दिवशी उडवू नको. शेतकरी बांधावर उभा राहून घाई करेल, मजुरांचा खाडा सांगेल. त्याला सरळ सांग, उद्या येते. फवारणी एक दिवस पुढे ढकलता येते, हप्ता नाही. उद्या सकाळी पहिलं कॅलिब्रेशन कर आणि वहीचं पहिलं पान मला पाठव.