बारा चित्रांची हकीकत

टपालाची तिकिटे जमविणाऱ्या मुलाला आज हुकलेले तिकीट उद्या दुसऱ्या कोणाकडून मिळू शकते. बागकामाचा नाद असलेल्या माणसाचे रोप वाळले, तर तो पुढच्या पावसाळ्यात नवे लावतो. छायाचित्रणाच्या छंदाचे तसे नाही. ज्या क्षणाचे चित्र घ्यावयाचे, तो क्षण एकदा निसटला की पुन्हा कोठेही मिळत नाही. म्हणूनच या छंदात जितका आनंद, तितकीच हळहळही आहे.

मौज अशी की, कागदावर छायाचित्र घेण्याच्या विद्येचा उगमच एका फसलेल्या चित्रात आहे. सन १८३३ च्या ऑक्टोबरमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ पत्नीसह इटलीतील कोमो सरोवराच्या काठी गेला होता. समोरचा देखावा कागदावर उतरवून घ्यावा, म्हणून त्याने लोलक बसविलेले एक उपकरण बरोबर नेले होते. त्यातून पाहिले असता देखावा कागदावरच पडल्यासारखा भासे. त्याच्या रेषा पेन्सिलीने गिरवावयाच्या, एवढेच काम. पण टॅलबटचा हात काही चित्रकाराचा नव्हता. लोलकावरून नजर काढून त्याने पाहिले, तो कागदावर नुसत्या रेघोट्या! हात साथ देत नाही, तर प्रकाशाकडूनच चित्र उमटवून घेता येईल काय, हा विचार त्याच्या मनात तेथे आला. १८३५ च्या ऑगस्टमध्ये, चांदीच्या क्षाराचा लेप दिलेल्या कागदावर, त्याने आपल्या घरातील जाळीदार खिडकीचे टपालाच्या तिकिटाएवढे चित्र मिळविले. ते आजही जतन केलेले आहे. परंतु हे सारे काम त्याने प्रसिद्ध न करता घरातच ठेविले. आणि १८३९ च्या जानेवारीत बातमी आली की, पॅरिसमध्ये दागेर नावाच्या गृहस्थाने प्रकाशचित्रे घेण्याची युक्ती शोधून काढली आहे. बिचाऱ्याला काय वाटले असेल!

माझी स्वतःची फजिती इतकी थोर नाही. १९७४ साली मी सातवीत असताना मुंबईचे मामा दिवाळीसाठी आमच्याकडे वाईला आले. जाताना त्यांनी पेटीसारखा एक साधा कॅमेरा माझ्या हाती ठेवला आणि बजावले, "एका रिळात बाराच चित्रे निघतात. जपून वापर." वडिलांच्या पगारात दुसरे रीळ बसण्यासारखे नव्हते. तरीही चार दिवसांत मी ती बारा चित्रे संपविली. रीळ धुण्यास दिले. मग आठ दिवस शाळेत माझे लक्ष कोठे असेल, ते सांगावयास नको. शेवटी पाकीट आले. बारापैकी पाहण्याजोगी निघाली अवघी चार!

एका चित्रात घाटावरून कृष्णेत उडी मारणारा माझा मित्र होता. म्हणजे मी काढला होता तो मित्र, चित्रात उतरला होता एक लांबट धूसर पट्टा. हे असे का व्हावे? कॅमेऱ्याची झडप क्षणभर उघडते व मिटते. माझ्या कॅमेऱ्यात हा क्षण सुमारे एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा होता. हा फारच थोडा वेळ, असे तुम्हांला वाटेल. पण दहा फुटांवरून उडी घेतलेला मुलगा पाण्याजवळ पोचताना तेवढ्या वेळात पंधरा सेंटिमीटर खाली सरकतो! झडप याच्या दहापट वेगाने मिटली असती, तर तो दीडच सेंटिमीटर सरकला असता आणि चित्र स्पष्ट आले असते. दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले, त्याला तर काही मिनिटे लागली. त्यामुळे येणारीजाणारी माणसे आणि गाड्या त्या चित्रात उमटल्याच नाहीत. दिवसाढवळ्या रस्ता ओस! फक्त एक गृहस्थ बूट पुसून घेण्यासाठी एका जागी उभा राहिला होता, तेवढा चित्रात सापडला.

दुसऱ्या चित्रात वडील ओसरीवर बसले होते व त्यांच्या मागे उन्हाने लखलखणारे अंगण होते. माझ्या डोळ्यांना त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्यासुद्धा दिसत होत्या; चित्रात आली ती एक काळी आकृती. आपल्या डोळ्याची बाहुली उजेडात आकसते, अंधारात फैलावते, आणि नजर क्षणाक्षणाला जुळवून घेते. साध्या कॅमेऱ्याला ही सवलत नाही. तो अंगण आणि ओसरी एकाच मापाने मोजतो. तिसऱ्या चित्रात धाकट्या बहिणीचे डोके कापले गेले होते. कारण पाहण्याची खिडकी वरच्या बाजूस आणि भिंग खाली. जवळच्या वस्तूच्या बाबतीत खिडकी एक पाहते व भिंग दुसरेच. या चित्रावरून घरात जे रडे झाले, त्याची हकीकत येथे नको. उरलेल्यांपैकी काहींना माझ्या हाताचा कंप बाधला.

हे दोष सरावाने जातात. एक हळहळ मात्र अशी आहे की, तिच्यापुढे कसलेल्या हाताचेही काही चालत नाही. होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. देशाच्या स्वातंत्र्याचे कितीतरी प्रसंग त्यांच्या कॅमेऱ्याने टिपले आहेत. ३० जानेवारी १९४८ रोजी त्या दिल्लीत गांधीजींच्या प्रार्थनासभेला जाण्यास निघाल्या होत्या. इतक्यात, आज नको, उद्या दोघे मिळून जाऊ, असे पतीने सुचविल्यामुळे त्या परत फिरल्या. त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. त्या दिवशी आपण तेथे नव्हतो, याची रुखरुख होमाईबाईंना जन्मभर राहिली.

आता काळ बदलला. माझा नातू मोबाइलवर एका दुपारी दीडशे चित्रे काढतो. पण त्याचीही कुरकुर मी ऐकतो. खंड्या पक्षी फांदीवर बसला, तर यंत्राने नेमके पुढच्या पानावर लक्ष धरले आणि पक्षी अस्पष्ट राहिला. शाळेच्या संमेलनात बक्षीस घेण्याच्या वेळी जागा शिल्लक नसल्याची सूचना झळकली. आणि त्या दीडशे चित्रांतील चांगले कोणते, हे निवडावयास त्याला सवड होत नाही, ते वेगळेच.

माझ्या बारांतील एका चित्राची गोष्ट मी मागे ठेविली आहे. आजीला चित्र काढून घेणे पसंत नव्हते. त्याने आयुष्य कमी होते, असे तिचे मत. पुष्कळ विनवण्यांनंतर ती तुळशीवृंदावनाजवळ पदर सावरून बसली. मी कळ दाबली आणि त्याच आनंदात कॅमेरा घेऊन घाटाकडे पळालो. प्रत्येक चित्रानंतर किल्ली फिरवून रीळ पुढे सरकवावे लागे. ते मी विसरलो. गणपतीच्या देवळाचे चित्र मी आजीच्याच चित्रावर घेतले.

दिवाळीत मामा पुन्हा आले, ते नवे रीळ घेऊनच. पण त्या वर्षीच्या आषाढात आजी गेली होती. तिचे दुसरे चित्र आमच्या घरात नव्हते. वडिलांनी तेच चौकटीत बसवून घेतले, आणि ते अजून माझ्या खोलीत आहे. देवळावरचे आकाश जेथे पडले, तेथील तुळशीवृंदावन पार पांढरे होऊन गेले आहे. पदरातून घाटाच्या पायऱ्या दिसतात. आजीचा चेहरा मात्र देवळाच्या दाराशी असलेल्या काळोखाच्या जागी आला, आणि तेथे दुसऱ्या खेपेस प्रकाश पोचलाच नाही, म्हणून तेवढा तो वाचला.