इच्छेचे बीज

जपानमधील नागोया शहराजवळ कोसुगाया नावाचे गाव आहे. तेथील मोरिता घराण्यात साके हे तांदळाचे मद्य तयार करण्याचा धंदा तीनशे वर्षे चालत आला होता. थोरल्या मुलाने वडिलांची गादी चालवावी, अशी तेथील रीत. म्हणून १९२१ साली जन्मलेल्या आकिओला वडील लहानपणापासूनच धंद्याच्या बैठकींत आपल्याजवळ बसवीत. परंतु आकिओचे मन रमे ते यंत्रांत आणि विजेच्या उपकरणांत! पुढे ओसाका येथील विद्यापीठात त्याने पदार्थविज्ञानाचा अभ्यास केला.

महायुद्ध संपले. तोक्यो शहर उद्ध्वस्त झाले होते. अशा वेळी मासारू इबुका या मित्रासह नवा कारखाना काढावा, असे आकिओच्या मनाने घेतले. पण घराण्याचे काय? १९४६ साली इबुका स्वतः कोसुगायास गेले आणि त्यांनी वडिलांपाशी थोरल्या मुलाची मागणी केली. नकार मिळेल, अशीच सर्वांना धास्ती होती. परंतु वडिलांनी संमती दिली. पुढे त्यांनी पैशाचेही साहाय्य केले. त्याच वर्षी सुरू झालेली ही छोटी कंपनी १९५८ पासून ‘सोनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

तरुणांच्या मनात उद्योजक होण्याची इच्छा कशी रुजते? मानसशास्त्रज्ञ आइझेन यांच्या मते कोणत्याही संकल्पामागे तीन गोष्टी असतात: त्या कामाविषयीची आवड, आप्तस्वकीयांचे मत आणि ‘हे मला जमेल’ हा विश्वास. स्पेन आणि तैवान येथील विद्यार्थ्यांचा या दृष्टीने अभ्यास करण्यात आला व तो २००९ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही देशांच्या चालीरीती भिन्न; तथापि आवड आणि आत्मविश्वास यांचे महत्त्व दोन्हीकडे दिसून आले. आप्तांच्या मताचा परिणाम मात्र थेट संकल्पावर न होता या दोहोंच्या द्वारे होतो, असे आढळले.

बीज सकस असले, तरी त्याला माती आणि पाणी लागतेच. आकिओची आवड हे बीज होते, विद्येने आलेला विश्वास ही माती होती आणि वडिलांची संमती हे पाणी. वडिलांनी आपल्या इच्छेला मुरड घातली, म्हणूनच मुलाच्या इच्छेला अंकुर फुटला.

स्वाध्याय
१. आकिओने कोणता धंदा चालवावा, अशी अपेक्षा होती? का?
२. संकल्पामागील तीन गोष्टी कोणत्या?
३. ‘इच्छेला मुरड घालणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.