मिश्री सुटत नाही, कारण नुसता निश्चय पुरत नाही



आपल्या वस्त्यांत दारूविरुद्ध बोलणारे पुष्कळ आहेत. पाचवे शील घेताना आपल्याला दारूच आठवते. मिश्रीची डबी मात्र कोणाच्या डोळ्यांत येत नाही. सकाळी उठल्यावर बोटभर, दुपारी भाकरी झाल्यावर बोटभर, रात्री झोपताना बोटभर. विचारले तर उत्तर तयार असते, "आम्ही तंबाखू खात नाही हो सिस्टर, नुसते दात घासतो."

मिश्री ही तव्यावर भाजून कुटलेली तंबाखूच आहे. भाजल्याने तिच्यातले निकोटिन निघून जात नाही. ते हिरड्यांतून रक्तात उतरते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात, आणि त्यांतले बहुतेक ती ओढत नाहीत, तोंडात धरतात. त्यात गुटखा-मावा खाणारे पुरुष आहेत, तशा मिश्री लावणाऱ्या आपल्या आया-बहिणीही आहेत.

नुकसान फक्त दातांचे नाही. मुंबईत बाराशेहून जास्त गर्भवतींचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. मिश्रीसारखी तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. आधीच अंगात रक्त कमी असलेल्या आईच्या बाळाला १०५ ग्रॅम ही लहान गोष्ट नाही.

मन कमकुवत नाही

"किती वेळा ठरवले, पण माझ्याने होत नाही. माझे मनच कच्चे आहे." हे वाक्य मी कितीतरी बायकांच्या तोंडून ऐकले आहे. जी बाई पहाटे उठून पाणी भरते, चार घरची धुणीभांडी करते किंवा दिवसभर विड्या वळते आणि लेकरांची फी भरते, तिचे मन कच्चे कसे असेल?

खरी अडचण वेगळी आहे. सवय वेळेला, जागेला आणि हाताला चिकटलेली असते. सकाळची वेळ झाली, मोरीशी बसले, की हात आपोआप डबीकडे जातो. तेव्हा विचार झोपलेला असतो. निश्चय आपण विहारात करतो, सवय मात्र मोरीशी वाट पाहत बसते. वर निकोटिनची गरज शरीराला लागलेली असते. त्यामुळे सोडल्यावर चिडचिड होते, डोके दुखते, झोप लागत नाही, शौचाला साफ होत नाही. पहिले दोन-तीन दिवस हा त्रास सर्वांत जास्त असतो. दोन ते चार आठवड्यांत तो बराच ओसरतो. हे आधी माहीत असेल तर बाई घाबरून परत डबी उघडत नाही.

महाडच्या बायकांनी काय केले?

सवय बदलण्याचा सर्वांत मोठा धडा आपल्याच इतिहासात आहे. १९ आणि २० मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी पाण्याच्या हक्काबरोबरच मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडायला सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली. तिथे ते स्त्रियांशी वेगळे बोलले. ज्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून लोक जात ओळखत, ते बदला, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, घरात दारू चालू देऊ नका, असे त्यांनी सांगितले. पिढ्यान्‌पिढ्या गुडघ्यापर्यंत वर नेसलेले लुगडे बायकांनी महाडच्या त्याच मुक्कामात घोट्यापर्यंत खाली नेसले.

हे जमले कसे? तीन गोष्टी होत्या. एक, काम नेमके होते. "सुधारा" एवढेच सांगितले नव्हते, लुगडे कसे नेसायचे ते सांगितले होते. दोन, सुरुवात तिथेच झाली, पुढच्या वर्षावर ढकलली नाही. तीन, कोणी एकटी नव्हती. मिश्री सोडतानाही हेच तीन नियम धरायचे.

करायचे काय?

१. तीन दिवस नुसते मोजा. मिश्री किती वेळा लावता, केव्हा, कुठे बसून, ते कॅलेंडरवर लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा, ती रेघ मारेल.

२. दिवस ठरवा आणि त्या दिवशी डबी घराबाहेर काढा. फळीवर लपवून ठेवू नका. विड्या वळण्याच्या घरात तंबाखू सुपात समोरच असते. तिथे नियम करा, सुपातली चिमूट तव्यावर जाणार नाही आणि काम संपले की हात साबणाने धुवायचे.

३. प्रत्येक वेळेला बदली काम ठरवा. "मिश्री लावणार नाही" एवढे पुरत नाही. "सकाळी मोरीशी बसले की ब्रशने दात घासीन. दुपारी भाकरी झाली की चूळ भरून बडीशेप खाईन. रात्री तल्लफ आली की पाणी पिऊन दारापर्यंत फेरी मारीन." असे मोठ्याने म्हणा. तल्लफेची एक लाट काही मिनिटांत ओसरते, तेवढी मिनिटे हाताला काम हवे. बदली म्हणून सुपारी घेऊ नका, तिनेही तोंडाचा कर्करोग होतो.

४. कारण असेल तर त्यावर इलाज करा. शौचाला होत नाही म्हणून मिश्री लावत असाल तर सकाळी कोमट पाणी प्या, जेवणात पालेभाजी आणि डाळ वाढवा. दात दुखतो म्हणून लावत असाल तर दात दाखवा. मिश्रीने दुखणे तात्पुरते दबते, दात आतून किडतच राहतो.

५. सोबतीण शोधा. जाऊ, शेजारीण, लेक, कोणीही. दोघींनी रोज संध्याकाळी एकमेकींना विचारायचे, "आज?" एवढा एकच प्रश्न.

गर्भवती बाईने मात्र दिवस ठरवण्याची वाट पाहू नये. आजच थांबवावे आणि आशाताईंना किंवा नर्सला सांगावे.

वर्षावास कामी लावा

एकवीस दिवसांत सवय लागते असे सगळीकडे ऐकू येते. लंडनच्या विद्यापीठात ९६ लोकांवर अभ्यास झाला, त्यात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, कोणाला आठ महिनेही लागले असते. म्हणून शेजारणीचे तीन आठवड्यांत झाले आणि तुमचे नाही, तर खचू नका. त्याच अभ्यासात असेही दिसले, की एखादा दिवस चुकला तरी लागत आलेली सवय मोडत नाही. घसरलात तर "गेले सगळे" म्हणून डबी परत आणू नका. कोणत्या वेळेला घसरले ते पाहा आणि त्या वेळेचे बदली काम बदला.

आपल्याकडे यासाठी तयार काळ आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास तीन महिन्यांचा असतो. विहारात ग्रंथवाचनाला बायका रोज जमतातच. वाचन संपल्यावर पाच मिनिटे मिश्री सोडणाऱ्यांनी एकत्र बसावे. कोणाचे चुकले तर हसू नये. पाचव्या शीलात प्रमादापासून, म्हणजे बेसावधपणापासून, दूर राहायला सांगितले आहे. हात डबीकडे जाताना तो आपल्याला दिसणे, हाच सावधपणा. वर्षावास अजून लांब असेल तर येत्या रविवारच्या वंदनेपासून सुरुवात करा.

पुरुषांनी आणि घरच्यांनी

आपण मावा चघळत बायकोला मिश्रीवरून बोलू नका. दोघांनी एकाच दिवशी सोडा. पहिला आठवडा ती चिडली तर समजून घ्या. आणि लहान मुलीला "डबी आण गं" म्हणून कधीच पाठवू नका. मुली मिश्री लावायला घरातच शिकतात.

महिन्यातून एकदा उजेडात आरशापुढे तोंड उघडून पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गालात गाठ, किंवा आपलीच तीन बोटे उभी आत जाणार नाहीत इतके तोंड कमी उघडणे, यातले काही दिसले तर दुखायची वाट पाहू नका. सिव्हिलला किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा. तीस वर्षांवरच्यांची तोंडाची तपासणी सरकारी केंद्रात मोफत आहे.

तंबाखू सोडण्यासाठी सल्ला देणारा सरकारी मोफत फोन आहे, १८००-११-२३५६. नंबर डबीच्या जागी चिकटवा.

महाडच्या बायकांनी लुगडे घोट्यापर्यंत नेसले आणि ते पुन्हा वर गेले नाही. आपल्या लेकींनी डबी हातात घेऊच नये, एवढे आपल्या पिढीने केले तरी पुष्कळ झाले.

जय भीम! नमो बुद्धाय!