पाठच्या बहिणीची पाठराखण

माझ्या नवऱ्याइतका बहिणीला जपणारा भाऊ मी तरी पाहिलेला नाही. आणि त्या जपण्यानेच माझी नणंद वर्षभरात घरातल्या घरात कोमेजली. हे त्याला विचारूनच लिहितेय. डाऊन सिंड्रोम असलेली सज्ञान बहीण किंवा भाऊ ज्यांच्या घरी आहे, त्यांच्यासाठी.

नणंद एकतीस वर्षांची आहे. ती जन्मली तेव्हा डॉक्टरांनी सासूबाईंना फार आशा दिली नव्हती, आणि त्या काळी तसं सांगणं चूकही नव्हतं. तिच्या जन्माच्या दहा-अकरा वर्षं आधी, १९८३ च्या सुमारास, अमेरिकेतसुद्धा अशा माणसांचं सरासरी आयुष्य पंचविशीच्या आसपास होतं. आज ते साठीच्या घरात गेलंय. हृदयातले जन्मजात दोष वेळेवर दुरुस्त होऊ लागले, त्याचा यात मोठा वाटा. म्हणजे ज्यांच्या लहानपणापलीकडचा विचार घरच्यांनी केलाच नव्हता, ती माणसं आता तिशी-चाळिशीत आहेत. त्या वयात माणसाला जे हवंसं वाटतं, ते त्यांनाही वाटतं.

नणंद पुण्यातल्या एका कार्यशाळेत जायची. पणत्या रंगवणं, कागदी पिशव्या करणं, दिवाळीच्या आधी आकाशकंदील. तिथेच तो भेटला. त्यालाही डाऊन आहे. दोघं डबा एकत्र खायची, रात्री एकमेकांना आवाजी निरोप पाठवायची. नवऱ्याने एकदा तिचा फोन तपासला. निरोपांत काय होतं? 'आज भेंडी. तुझी?' आणि शेवटी 'तू मला आवडते.' एवढंच. दुसऱ्या दिवसापासून कार्यशाळा बंद, फोन कपाटात.

"दादा, मी काय केलं?" हा तिचा प्रश्न. त्याला उत्तर कोणी दिलं नाही.

मग ती हळूहळू कामं विसरायला लागली. वेणी घालता येईना, चहा करताना गोंधळ. स्वतःशी बोलण्याची सवय अशा बऱ्याच जणांना असते, त्यात वावगं काही नाही. पण तिचं बोलणं वाढलं आणि रडवेलं झालं. नातेवाईक म्हणाले, "त्या आजारात पुढे असंच होतं." इथे सावध व्हा. येत असलेली कामं अचानक जायला लागली, तर आधी थायरॉइड तपासा, कान तपासा, झोपेत श्वास अडकतो का ते बघा. या तिन्ही तक्रारी डाऊनमध्ये पुष्कळ आढळतात आणि तिन्हींवर उपाय आहेत. नणंदेचे रिपोर्ट ठीक आले. डॉक्टरांनी निदान केलं नैराश्याचं, आणि पहिला प्रश्न विचारला, "हिचं अलीकडे काय बंद केलंत?"

तरीही नवरा हलला नसता. तो हलला तो एका लग्नात. नात्यातल्या एका गृहस्थांनी नणंदेला जवळ ओढून बसवून घेतलं आणि त्यांचा हात तिच्या कमरेवरून हलेना. ती आक्रसून बसली होती, पण गप्प. मी जाऊन तिला उठवलं. घरी विचारलं, ओरडली का नाहीस? म्हणाली, "दादा सांगतो, मोठ्यांचं ऐकायचं."

आणि तो मुलगा? कार्यशाळेतल्या ताईंनी खडूने जमिनीवर वर्तुळं काढून शिकवलं होतं: मधे आपण, मग घरचे, मग मित्र, मग ओळखीचे, मग परके, कोणत्या वर्तुळातल्या माणसाने कुठवर यायचं. तो तिला दर वेळी विचारायचा, "हात धरू?" ज्याच्यापासून वाचवत होतो तो विचारून हात धरत होता, आणि ज्याच्यापासून वाचवायला हवं होतं त्याला आम्ही पाया पडायला लावत होतो. माझं ठाम मत आहे की ज्या बाईला 'नाही' म्हणायला कधी शिकवलंच नाही, तिला कोणताही पहारा पुरत नाही. त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, आणि पहारेकरी त्याला 'या, बसा' म्हणतो.

याच काळात एका आत्याबाईंनी सुचवलं, "पिशवी काढून टाका, काळजी मिटेल." असा सल्ला अजून दिला जातो, म्हणून सांगते. नणंद जन्मली त्याच वर्षी, १९९४ साली, शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली आणि देशभर गदारोळ झाला. पिशवी काढल्याने गर्भ राहत नाही. अत्याचार थांबत नाही, उलट लपतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, मूल होण्याची क्षमता जाईल असा कोणताही उपचार त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही.

मग आम्ही काय केलं? फोन परत दिला. कार्यशाळा पुन्हा सुरू केली, पण आता ती बसने जाणार होती. सुरुवातीला नवरा शेजारच्या सीटवर, मग मागच्या, मग स्कूटरवरून बसच्या मागे, शेवटी फक्त थांब्यावर उभा. हेल्मेटमधून बसवर नजर ठेवणारा तो इसम बघून एकदा कंडक्टरनेच हटकलं! शरीराच्या भागांची खरी नावं मी शिकवली, पाळी आणि गर्भ यांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांनी चित्रं काढून सांगितलं. डाऊन असलेल्या स्त्रीला दिवस जाऊ शकतात, पुरुषाच्या बाबतीत शक्यता फार कमी. हे घरच्यांनाही माहीत असावं. 'नाही' म्हणायची तालीम रोज जेवताना घेतली. पहिलं खरंखुरं 'नाही' तिने दादालाच ऐकवलं, त्याने तिचा फोन मागितला तेव्हा. त्याने मुकाट्याने हात मागे घेतला.

कायद्याचं थोडं. अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकारी प्रमुख असलेल्या स्थानिक समितीकडून पालकत्व घेता येतं. पेन्शन किंवा बँकेसाठी अडलं तर जरूर घ्या. पण २०१६ च्या कायद्याचा भर मर्यादित पालकत्वावर आहे, म्हणजे निर्णय तिच्याबरोबर बसून घ्यायचे. लग्नाचं विचाराल तर हिंदू विवाह कायद्यात डाऊन सिंड्रोमचं नावही नाही. संमती समजून देता येते का आणि मनोविकारामुळे माणूस विवाहाला अयोग्य तर नाही ना, हे त्यात पाहतात. वकिलाशी आधी बोला.

त्या दोघांचं लग्न झालेलं नाही. दर रविवारी ती दोघं सारसबागेत भेटतात, भेळेचे पैसे आळीपाळीने देतात. लग्नाचा विषय त्यांनीच काढलाय. राहायचं कुठे, औषधं कोण बघणार, डाऊनमध्ये स्मृतिभ्रंश पुष्कळदा लवकर, चाळिशी-पन्नाशीतच गाठतो तेव्हा काय, हे दोन्ही घरं त्यांच्यासमक्ष बोलताहेत. लग्न झालं म्हणजेच गोष्ट सुफळ, असं मी मानत नाही. ठरवतील ती.

तुमच्या घरी असा निरोप सापडला, तर फोन कपाटात टाकण्याआधी एक करा: त्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरचा पत्ता विचारा, आणि बहिणीला बरोबर घेऊन तिथे चहाला जा.