गिधाडें व गुरांचें औषध

गिधाड कोणास आवडत नाहीं. तथापि मेलेलें जनावर फस्त करून गांवाचें शिवार निर्मळ राखणारा त्याच्यासारखा दुसरा चाकर नाहीं. भारतांतील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं १९९२ ते २००७ या अवधींत हजारीं एखादेंच उरलें. कारण प्रथम कोणास उमगेना. २००४ सालीं उलगडा झाला. दुखणाईत गुरांच्या वेदना शमविण्यासाठीं डायक्लोफिनॅक नांवाचें औषध देत. असें जनावर मेल्यावर त्याचें मांस खाणाऱ्या गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी होत. सुधारणेनें गुरांवर दया केली, ती गिधाडांच्या मुळावर आली! २००६ सालीं सरकारनें गुरांसाठीं तें बनविण्यास बंदी केली. मग गुरांनीं तळमळत राहावें काय? हा प्रश्न रास्तच होता, आणि त्याचें उत्तरही प्रयोगशाळेंतूनच आलें: मेलॉक्सिकॅम गुरांस गुण देतें व गिधाडांस बाधत नाहीं. हानि भरून यावयास मात्र काळ लागेल. गिधाडाची मादी वर्षास एकच अंडें घालते.