बागेतील पाखरे आणि छायाचित्रकार

कोलकात्याच्या दक्षिणेस नरेंद्रपूर येथे 'कयालेर बागान' ही जुनी फळबाग आहे. तेथील झाडे व पक्षी टिकावेत, म्हणून नरेंद्रपुरात राहणारे शिल्पकार चिंतामणी कर यांनी प्रयत्न केले. १९८२ मध्ये या बागेला अभयारण्याचा दर्जा मिळाला. २००५ पासून ते अभयारण्य करांच्याच नावाने ओळखले जाते.

पिवळाधमक हळद्या, निळ्या पंखांचा खंड्या, हिरव्या पंखांचा पाचू कवडा यांची छायाचित्रे टिपण्यासाठी हौशी माणसे येथे येतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात झाडाआड स्तब्ध बसणाऱ्यालाच पाखरे जवळून दिसतात. मात्र घरटे टिपण्यासाठी फांद्या बाजूला सारल्या, तर पिलांना ऊन लागते आणि कावळ्यांना ती सहज दिसतात. आपल्या परसबागेतही हे ध्यानात ठेवावे. छायाचित्रापेक्षा पाखराचा जीव मोलाचा आहे.